शिराविन्यास व वनस्पती हॉर्मोने

शिराविन्यास व वनस्पती हॉर्मोने : पानाच्या पात्यातील शिरांच्या मांडणीला शिराविन्यास म्हणतात. शिरा म्हणजे मुळापासून खोडातून अखंडपणे आलेल्या वाहक ऊतकांच्या (पाणी व अन्नरस वाहून नेणाऱ्या समान कोशिकांच्या–पेशींच्या–समूहांच्या) टोकाकडील शाखा होत. शीर कोठे निर्माण व्हावी, तिने कोणत्या दिशेने जावे व कोणत्या शिरेस मिळावे, हे मुख्यत्वे हॉर्मोनांवर (अल्प प्रमाणात तयार होऊन वाढ व विकास यांचे नियमन करणाऱ्या रासायनिक द्रव्यांवर), विशेषतः ऑक्सिन या हॉर्मोनाच्या वाहतुकीवर, अवलंबून असते. वनस्पतीत मेंदूसारखे मध्यवर्ती नियंत्रण नाही. तिच्या कोशिका ताठर आवरणांत बंदिस्त असल्याने जागा सोडून जाऊ शकत नाहीत. तरीही कोवळ्या पानातील हजारो कोशिकांपैकी नेमक्या काही कोशिका रांगेने वाहक बनतात व त्यांची रांग कोठेही न तुटता खोडातील वाहक ऊतकास जाऊन मिळते. शिरांचा आराखडा आधी ठरून मग त्यातून प्रवाह सुरू होत नाही, तर हॉर्मोनाचा प्रवाह स्वतःच आपला मार्ग घडवितो व त्या मार्गाची पुढे शीर बनते, असे या विषयातील संशोधनाचे प्रमुख प्रतिपादन आहे. अलीकडील प्रयोगांनी त्यात महत्त्वाची भर व काही दुरुस्तीही केली आहे.

शिरांची रचना व कार्य : प्रत्येक शिरेत दोन प्रकारची वाहक ऊतके असतात. प्रकाष्ठातून पाणी व त्यात विरघळलेली लवणे मुळाकडून पानाकडे येतात. परिकाष्ठातून पानात तयार झालेली साखर इतर अवयवांकडे जाते. पानात सामान्यतः प्रकाष्ठ वरच्या व परिकाष्ठ खालच्या बाजूस असते. प्रकाष्ठातील वाहिका व वाहिन्या पूर्ण विकसित झाल्यावर मृत असतात; त्यांच्या आवरणांवर लिग्निनयुक्त जाड वलये किंवा मळसूत्री पट्टे बसतात, आतील जीवद्रव्य विरघळून नाहीसे होते व पोकळ नळी शिल्लक राहते. परिकाष्ठातील चाळणी-नलिकांच्या कोशिका मात्र प्रकल (केंद्रक) गमावूनही जिवंत असतात.

आंबा, वड, पिंपळ, जास्वंद यांसारख्या बहुतेक द्विदलिकित वनस्पतींत शिरांचे जाळे असते. पुस्तकात किंवा पाण्यात बराच काळ ठेवलेल्या पिंपळपानाचा मऊ भाग नष्ट होऊन जी जाळी उरते, ती या ऊतकांचीच होय. तीत मध्यशीर, तिच्यापासून दोन्ही बाजूंस जाणाऱ्या पार्श्वशिरा आणि त्यांमधील बारीक शिरांची बंद घरे स्पष्ट दिसतात. भात, ज्वारी, ऊस, बांबू इ. एकदलिकितांत मोठ्या शिरा समांतर असून त्या बारीक आडव्या शिरांनी जोडलेल्या असतात. गिंको वृक्षाच्या पानात शिरा पुनःपुन्हा दुभंगत जातात व बंद घरे जवळजवळ नसतात.

शिरा जितक्या दाट, तितके पाणी प्रकाशसंश्लेषण (प्रकाशऊर्जेच्या साहाय्याने अन्ननिर्मिती) करणाऱ्या कोशिकांच्या जवळ पोहोचते. सपुष्प वनस्पतींच्या पानात प्रत्येक चौ. मिमी. क्षेत्रात शिरांची एकूण लांबी सरासरी सु. ८ मिमी., तर इतर वाहिनीवंत वनस्पतींत सु. २ मिमी. भरते. ऊस, मका व ज्वारी यांच्या पानांत लगतच्या दोन शिरांच्या आवरकांमध्ये बहुधा दोनच मध्योतक कोशिका (पानाच्या दोन्ही अपित्वचांमधील हरितद्रव्ययुक्त कोशिका) असतात. या पिकांच्या विशेष कार्यक्षम प्रकाशसंश्लेषणास ही दाटी आवश्यक असते. जाळ्यातील बंद घरांचाही उपयोग आहे. किडीने शीर कुरतडली, तर पाणी शेजारच्या शिरांमधून वळसा घेऊन पुढे जाऊ शकते. खुल्या शिरांच्या पानात जखमेपलीकडचा भाग अधिक सहजपणे कोरडा पडतो. अर्थात दाट असो वा विरळ, शीर मूळ वाहक ऊतकाशी जोडलेली नसेल तर ती निरुपयोगी ठरते. म्हणून शिरानिर्मितीच्या कोणत्याही उपपत्तीला प्रथम अखंडतेचे स्पष्टीकरण द्यावे लागते.

पूर्वेतिहास : कोवळी पाने व कळ्या काढून टाकल्यास त्यांच्या खालच्या खोडात वाहक ऊतकांची वाढ खुंटते, असे जर्मन वनस्पतिवैज्ञानिक लूटव्हिख योस्ट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात दाखविले. पानातून खोडाकडे कोणता तरी संदेश जात असला पाहिजे, असा त्याचा अर्थ होता. त्यापूर्वी १८८० मध्ये चार्ल्स डार्विन व त्यांचे पुत्र फ्रान्सिस यांनी कॅनरी गवताच्या अंकुराचे टोक प्रकाशाचा परिणाम ग्रहण करून तो खालील भागाकडे पाठविते, असे प्रतिपादन केले होते. हा परिणाम घडविणारे द्रव्य फ्रिट्स व्हेंट यांनी नेदर्लंड्‌समधील उत्रेक्त येथे १९२६–२८ या काळात ओटाच्या अंकुराच्या टोकातून अगराच्या ठोकळ्यात उतरवून घेतले. ‘वाढणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्यास ऑक्सिन हे नाव मिळाले. इंडॉल ॲसिटिक अम्ल हे वनस्पतींतील प्रमुख ऑक्सिन होय.

ऑक्सिनाचा वाहक ऊतकांशी असलेला संबंध अमेरिकन वैज्ञानिक विल्यम जेकब्झ यांनी १९५२ मध्ये कोलियस या शोभिवंत झाडावरील प्रयोगांनी निश्चित केला. खोडातील एक वाहक वृंद (जुडगा) खाच पाडून तोडला असता काही दिवसांत खाचेभोवतीच्या मृदूतकातील सामान्य कोशिका प्रकाष्ठाच्या कोशिकांत रूपांतरित होतात आणि तुटलेली टोके वळणाच्या नव्या मार्गाने जोडली जातात. खाचेवरील पाने व कळ्या काढल्यास ही दुरुस्ती फारच थोडी होते. पानाऐवजी तेथे इंडॉल ॲसिटिक अम्ल लावल्यास ती पुन्हा होऊ लागते. म्हणजे या बाबतीत पानाचे कार्य ऑक्सिन करू शकते. पाठोपाठ राल्फ वेटमोर व त्यांचे सहकारी यांनी लायलॅकच्या किणावर (कृत्रिम पोषक माध्यमात वाढविलेल्या, प्रभेदन न झालेल्या कोशिकांच्या गोळ्यावर) प्रयोग केले. किणात कळी खोचल्यावर तिच्या खाली वाहक ऊतकाचे पुंजके तयार झाले. कळीच्या जागी ऑक्सिन व साखर ठेवूनही तोच परिणाम मिळाला. साखर कमी असता मुख्यतः प्रकाष्ठ, जास्त असता परिकाष्ठ आणि मध्यम असता दोन्ही निर्माण झाली (१९६३).

ऑक्सिनाची एकदिश वाहतूक : ऑक्सिन हे संदेशवाहक द्रव्य असले, तरी ते केवळ उपस्थित असल्याने रेषा कशी उमटते हा प्रश्न उरतो. पाण्यात टाकलेल्या रंगाप्रमाणे एखादे द्रव्य सर्व बाजूंस पसरले, तर त्याचा डाग बनेल, शीर बनणार नाही. उत्तराचा पहिला धागा ऑक्सिनाच्या वाहतुकीच्या एका वैशिष्ट्यात आहे. खोडात ते कोशिकेकडून कोशिकेकडे, मुख्यतः शेंड्याकडून मुळाकडे, तासाला सु. १ सेंमी. वेगाने जाते, खोडाचा तुकडा उलटा धरला तरी ही दिशा बदलत नाही.

या एकदिश (ध्रुवीय) वाहतुकीचे स्पष्टीकरण १९७४ मध्ये फिलिप रूबेरी व रूपर्ट शेल्ड्रेक यांनी आणि १९७५ मध्ये जॉन रेव्हन यांनी दिले. कोशिकावरणातील द्रव किंचित अम्लीय (पीएच मूल्य सु. ५·५) असतो, त्यात ऑक्सिनाचे काही रेणू विद्युत् भाररहित असल्याने कोशिकेच्या पटलातून आत शिरू शकतात. कोशिकेच्या आत पीएच मूल्य सु. ७ असल्याने जवळजवळ सर्व रेणूंना ऋण भार प्राप्त होतो व ते पटलातून परत जाऊ शकत नाहीत. ते बाहेर पडू शकतात ते फक्त पटलातील विशिष्ट वाहक प्रथिनांच्या मदतीने. ही प्रथिने कोशिकेच्या एकाच बाजूस असतील, तर सबंध रांगेतून ऑक्सिन त्याच बाजूकडे जाईल.

अशी प्रथिने पुढे प्रत्यक्ष सापडली. मोहरीच्या कुलातील ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीचा एक उत्परिवर्ती (आनुवंशिक बदल झालेला) प्रकार फुलांऐवजी टाचणीसारखा उघडा दांडा निर्माण करतो. त्याचे वर्णन जपानी वैज्ञानिकांनी १९९१ मध्ये केले. त्यातील बिघडलेला जीन (आनुवंशिक लक्षणाचे एकक) १९९८ मध्ये ओळखण्यात आला. त्याच्यापासून बनणारे प्रथिन खोडातील वाहक भागाच्या कोशिकांच्या तळाकडील बाजूस एकवटलेले आढळले. टाचणीच्या इंग्रजी नावावरून या प्रथिनांना ‘पिन’ प्रथिने म्हणतात. ती कोशिकेच्या ज्या बाजूस असतात, त्यावरून ऑक्सिन कोणत्या दिशेने जात असावे याचा अंदाज सूक्ष्मदर्शकाखाली करता येतो.

मार्गीकरण गृहीतक : जेरूसलेम येथील हिब्रू विद्यापीठातील त्स्व्ही झाक्स यांनी पिन प्रथिनांच्या शोधाच्या बऱ्याच आधी, १९६०–८० या काळात, वाटाण्याच्या रोपांवरील साध्या छेदन-प्रयोगांतून हे गृहीतक मांडले. त्यांनी रोपाचा शेंडा छाटला व खोडाच्या बाजूस ऑक्सिन लावले. त्या जागेपासून खोडातील जुन्या वाहक वृंदापर्यंत नवीन वाहक पट्टा तयार झाला. मात्र जुन्या वृंदालाही वरून ऑक्सिनाचा पुरवठा होत असेल, तर नवा पट्टा त्यास न मिळता बाजूने खाली गेला. ऑक्सिनाचा पुरवठा नसलेला वृंद नव्या पट्ट्यास जणू आपल्याकडे ओढतो व भरपूर पुरवठा असलेला त्यास दूर ठेवतो, असे यावरून दिसले.

झाक्स यांचे स्पष्टीकरण असे : आरंभी ऑक्सिन अनेक कोशिकांतून विखरून वाहते. ज्या कोशिकांतून योगायोगाने ते थोडे जास्त वाहते, त्यांची ऑक्सिन वाहून नेण्याची क्षमता वाढते. क्षमता वाढल्याने आजूबाजूचे ऑक्सिन त्यांच्याकडे वळते व शेजारच्या कोशिका रिकाम्या होत जातात. उतारावर पडलेले पावसाचे पाणी प्रथम सर्वत्र पसरते, पण कोठेतरी ओघळ पडला की सभोवतालचे पाणी त्यात येऊन तो अधिकच खोल होतो. तशीच ही क्रिया आहे. शेवटी ऑक्सिनाचा सर्व ओघ कोशिकांच्या एका अरुंद रांगेत एकवटतो आणि तीच रांग वाहक ऊतक बनते.

या गृहीतकाने अखंडतेचा प्रश्न सुटतो. प्रवाह तुटक असू शकत नाही; म्हणून त्याने घडविलेली शीरही तुटक असत नाही. दोन प्रवाहांची दिशा येथे ध्यानात घेण्याजोगी आहे. मार्ग घडविणारे ऑक्सिन पानाकडून मुळाकडे जाते, तर तयार झालेल्या प्रकाष्ठातून पाणी मुळाकडून पानाकडे येते. ज्या अवयवाला पाण्याची गरज आहे तोच ऑक्सिन पाठवून आपली पाणीपुरवठ्याची वाट तयार करून घेतो. त्यामुळे मागणी व पुरवठा यांचा मेळ आपोआप बसतो. ब्रिटिश वैज्ञानिक ग्रेम मिचिसन यांनी १९८० मध्ये हे गृहीतक गणिती समीकरणांत मांडून ते तत्त्वतः शक्य असल्याचे दाखविले.

पानातील शिरांची निर्मिती : पानाचा आरंभ खोडाच्या टोकावरील विभज्येच्या (सतत विभाजन होणाऱ्या कोशिकांच्या समूहाच्या) कडेस एका लहान उंचवट्याच्या–आद्यकाच्या–रूपाने होतो. अपित्वचेतील पिन प्रथिने ऑक्सिन एका बिंदूकडे आणतात. तेथे ते साठून आद्यक वर येते व बिंदूपासून ऑक्सिन आत खोडाकडे वळते. हा आतील ओघ म्हणजे भावी मध्यशीर होय. पुढे पानाच्या दोन्ही कडांवर असेच नवे संचय-बिंदू उद्‌भवतात व त्यांपासून निघालेले ओघ मध्यशिरेस मिळून पार्श्वशिरा तयार होतात. त्यानंतर पाते रुंदावत असताना मधल्या जागेत बारीक शिरांचे जाळे भरत जाते.

एन्रिको स्कार्पेला व सहकारी यांनी २००६ मध्ये ॲराबिडॉप्सिसाच्या वाढत्या पानांत पिन प्रथिनास चमकणाऱ्या प्रथिनाची जोड देऊन ही क्रिया पाहिली. पिन प्रथिन प्रथम कोशिकांच्या रुंद पट्ट्यात दिसते, मग पट्टा आकसत जाऊन कोशिकांची एकच रांग उरते आणि त्या रांगेतील प्रथिने आधीच्या शिरेकडील बाजूस एकवटतात. झाक्स यांनी तर्काने सांगितलेले प्रवाहाचे आकसणे असे प्रत्यक्ष दिसले. यानंतर रांगेतील कोशिका लांबट होऊन पूर्व-ऊतककराचा (ज्यापासून प्रकाष्ठ व परिकाष्ठ दोन्ही बनतात अशा अविकसित कोशिकांचा) पट्टा तयार होतो.

वाहतुकीत अडथळा आणला तर काय होते, हे १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखविले होते. ऑक्सिनाच्या वाहतुकीस प्रतिबंध करणाऱ्या द्रव्यांच्या सान्निध्यात वाढविलेल्या पानांत कडेजवळ रुंद व दाट वाहक पट्टे आढळले आणि मध्यभागी एका शिरेऐवजी अनेक शिरा समांतर गेलेल्या दिसल्या. बाहेर जाऊ न शकलेले ऑक्सिन जेथे तयार झाले तेथेच साचले व त्याने तेथील कोशिकांचेच वाहक ऊतकात रूपांतर केले, असा याचा अर्थ लावण्यात आला.

ऑक्सिनाचा संदेश कोशिकेच्या आत कसा पोहोचतो, तेही आता बरेच स्पष्ट झाले आहे. त्याच्याशी संयोग पावणारे एक ग्राही प्रथिन २००५ मध्ये ओळखले गेले. संयोग झाल्यावर काही निरोधक प्रथिनांचा नाश होतो व त्यांनी दडपून ठेवलेली नियंत्रक प्रथिने मोकळी होतात. यांपैकी ‘मोनोप्टेरॉस’ हे शिरांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे होय. त्याचा जीन बिघडलेल्या रोपांना मूळ नसते व त्यांच्या पानांत शिरा थोड्या व तुटक असतात. हे प्रथिन पूर्व-ऊतककराशी संबंधित जीन कार्यान्वित करते व पिन प्रथिनाच्या निर्मितीसही चालना देते. अशा रीतीने प्रवाहामुळे वाहकता व वाहकतेमुळे प्रवाह हे चक्र पूर्ण होते.

गृहीतकाच्या मर्यादा : मार्गीकरणाने फांद्यांसारखा शिराविन्यास सहज समजतो, बंद घरे मात्र समजत नाहीत. ओघळ एकमेकांस मिळून उताराकडे जातात. ते फिरून वर्तुळ पुरे करीत नाहीत. जर्मन वैज्ञानिक हान्स माइनहार्ट यांनी १९७६ मध्ये यास पर्याय सुचविला होता. परस्परांस उत्तेजक व निरोधक अशा द्रव्यांच्या विसरणातून (आपोआप पसरण्यातून) रेषा व जाळी निर्माण होऊ शकतात, असे त्यांनी गणिताने दाखविले. याउलट २००६ मधील उपरोक्त निरीक्षणांत बंद घराच्या प्रत्येक कडीत एक अशी कोशिका आढळली, की जिच्या दोन विरुद्ध टोकांना पिन प्रथिने होती. त्या कोशिकेपासून ऑक्सिन दोन्ही दिशांस वाहू शकते. म्हणजे बंद घर हे दोन स्वतंत्र ओघांच्या माथ्यांच्या मीलनाने बनते, एका ओघाच्या वर्तुळाने नव्हे. दुसरी अडचण अशी, की कोशिका ऑक्सिनाचे प्रमाण ओळखू शकते हे ज्ञात आहे. परंतु तिच्यातून जाणारा प्रवाह ती कशी मोजते, हे निर्विवादपणे सिद्ध झालेले नाही.

याहूनही मूलभूत पुनर्विचार २०१९ मध्ये स्कार्पेला यांच्या कॅनडातील गटाने केलेल्या प्रयोगांमुळे करावा लागला. शिरानिर्मितीशी संबंधित पिन प्रथिनांचे जीन निकामी केले, तरीही पानांत शिरा तयार झाल्या; त्यांची मांडणी बिघडलेली होती, पण कोशिका रांगेत होत्या. पिन प्रथिनांची वाहतूक व ऑक्सिनाचा कोशिकेतील संदेश ही दोन्ही एकाच वेळी मोडल्यावर मात्र रांगा विसकटू लागल्या व वाहक कोशिकांचे अस्ताव्यस्त पुंजके दिसू लागले. ऑक्सिनाचा दिशादर्शक परिणाम वाहतूक व संदेशग्रहण या दोन्ही वाटांनी होतो, असे यावरून ठरले. याच गटाने २०२२ मध्ये आणखी एक घटक पुढे आणला. शेजारच्या कोशिकांच्या आवरणांतून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म जीवद्रव्य-दुव्यांमधूनही ऑक्सिन पसरते आणि या दुव्यांची तोंडे किती उघडी आहेत यावर शिराविन्यास अंशतः अवलंबून असतो. यामुळे मार्गीकरणाची कल्पना त्याज्य ठरत नाही. पण पिन प्रथिनांचा प्रवाह हेच एकमेव कारण मानता येत नाही.

इतर हॉर्मोने : ऑक्सिन मार्ग ठरविते, पण तयार होणाऱ्या ऊतकाचे प्रमाण व प्रकार ठरविण्यात इतर हॉर्मोनांचाही वाटा असतो. मुळांच्या टोकांशी भरपूर प्रमाणात तयार होणारी सायटोकायनिने पूर्व-ऊतककरातील कोशिकांचे विभाजन घडवून आणतात. ॲराबिडॉप्सिसाच्या ज्या उत्परिवर्ती प्रकारात सायटोकायनिनाचे ग्राही प्रथिन सदोष असते, त्याच्या मुळात वाहक कोशिकांची संख्या फारच कमी होते व त्या सर्व प्रकाष्ठच बनतात, परिकाष्ठ तयार होत नाही. मुळात ऑक्सिन प्रकाष्ठाच्या मधल्या पट्टीत व सायटोकायनिने तिच्या दोन्ही बाजूंस प्रभावी असतात आणि ती एकमेकांस आपल्या क्षेत्रातून दूर ठेवतात. जिबरेलिने ऑक्सिनाच्या जोडीने सूत्रांची (आधार देणाऱ्या लांबट कोशिकांची) लांबी वाढवितात.

कोशिकेच्या रूपांतराचे टप्पे समजण्यास झिनियाच्या पानावरील प्रयोग उपयोगी पडले. जपानमधील हिरू फुकुदा व आत्सुशी कोमामिने यांनी १९८० मध्ये झिनियाच्या मध्योतकातील सुट्या कोशिका ऑक्सिन व सायटोकायनिन असलेल्या द्रवात वाढविल्या. थोड्या दिवसांत त्यांपैकी अनेक हिरव्या कोशिकांवर लिग्निनाचे पट्टे उमटले व त्या वाहिकांप्रमाणे पोकळ झाल्या. त्यासाठी कोशिकेचे आधी विभाजन होणेही आवश्यक नव्हते. या क्रियेच्या अखेरच्या टप्प्यात, म्हणजे जाड आवरण तयार होऊन जीवद्रव्य नष्ट होताना, ब्रॅसिनोस्टेरॉइडे ही हॉर्मोने लागतात. अशाच संवर्धनातून २००६ मध्ये बारा ॲमिनो अम्लांचे एक पेप्टाइड वेगळे करण्यात आले. ते परिकाष्ठाकडून स्रवते, ऊतककरातील कोशिकांचे विभाजन चालू ठेवते व त्यांचे अकाली प्रकाष्ठ बनू देत नाही.

खोडाची द्वितीयक वाढ : वृक्षांचा घेर प्रकाष्ठ व परिकाष्ठ यांमधील ऊतककराच्या विभाजनाने वाढतो व तेथेही ऑक्सिनाचे नियंत्रण असते. ब्रिटिश वनस्पतिवैज्ञानिक आर्. स्नो यांनी १९३५ मध्ये शेंडा छाटलेल्या सूर्यफुलाच्या रोपांना ऑक्सिन लावून ऊतककर सक्रिय होतो, हे दाखविले. स्कॉट्स पाइनच्या खोडाचे अत्यंत पातळ छेद घेऊन १९९६ मध्ये केलेल्या मापनांत ऑक्सिनाचे प्रमाण ऊतककराच्या पट्ट्यात सर्वाधिक व दोन्ही बाजूंस झपाट्याने कमी होत जाणारे आढळले. पानांजवळ ऑक्सिन जास्त असल्याने वाहिन्या लवकर पक्व होऊन अरुंद व पुष्कळ राहतात, तर मुळाकडे ते कमी असल्याने वाहिन्यांना रुंद होण्यास अवधी मिळतो, अशी उपपत्ती रोनी अलोनी व मार्टिन झिमरमान यांनी १९८३ मध्ये मांडली.

ऑक्सिनाच्या प्रवाहाची खूण जीवाश्मांतही (शिळारूप अवशेषांतही) टिकून आहे. आजच्या वृक्षांत फांदीच्या बेचक्याच्या वर प्रवाहास अडथळा होऊन प्रकाष्ठाच्या कोशिका भोवऱ्यासारख्या गोल वळलेल्या आढळतात. सु. ३७·५ कोटी वर्षांपूर्वीच्या आर्किऑप्टेरिस या वृक्षाच्या अश्मीभूत लाकडात तसेच भोवरे असल्याचे २००५ मध्ये दाखविण्यात आले. त्यावरून ऑक्सिनाची एकदिश वाहतूक त्या काळीही होती, असे अनुमान काढतात.

व्यावहारिक महत्त्व : कलमे करण्याची कला या ज्ञानाहून फार जुनी आहे, पण तिचे यश याच क्रियांवर अवलंबून असते. कोकणात हापूस आंब्याची कोय कलमे करताना कोवळ्या रोपावर (खुंटावर) निवडक झाडाची काडी बसवून सांधा घट्ट बांधतात. सांध्यात प्रथम किण भरतो. पण किणातून पाणी पुरेसे वर जाऊ शकत नाही. काडीतून खाली येणारे ऑक्सिन किणातून मार्ग काढते, त्या मार्गावर वाहक ऊतक बनते व ते खुंटाच्या ऊतकास मिळते. तोपर्यंत काडी वाळू न देणे हेच कलमकाराचे कौशल्य. दोन्हींचे ऊतककर एकमेकांस भिडवून बांधावे, या परंपरागत नियमाचे कारणही येथे सापडते. ॲराबिडॉप्सिसाच्या रोपट्यांच्या कलमांत परिकाष्ठ सु. तीन दिवसांत, तर प्रकाष्ठ सु. एक आठवड्यात जोडले जाते, असे आढळले आहे. काड्यांना लवकर मुळे फुटावीत म्हणून इंडॉल ब्युटिरिक अम्लासारखी ऑक्सिने वापरतात. नव्या मुळाचे वाहक ऊतक काडीतील ऊतकाशी जोडले गेल्यावरच ते उपयोगी ठरते.

एकदलिकितांत नेहमीच्या प्रकारचा ऊतककर नसल्याने त्यांची कलमे होत नाहीत, असे दीर्घकाळ मानले जात असे. गहू, ओट इ. वनस्पतींच्या बीजातील गर्भाचा अत्यंत कोवळा भाग वापरल्यास कलम जुळते व वाहक ऊतकेही जोडली जातात, असे केंब्रिज येथील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखविले. केळी व खजूर यांसारख्या एकदलिकितांतही हे तंत्र लागू पडल्याचे त्यांनी नोंदविले. जमिनीतील कवकामुळे (बुरशीसारख्या हरितद्रव्यरहित सजीवामुळे) होणारा केळीचा मर रोग नेमका वाहक ऊतकांवरच हल्ला करतो. त्यास प्रतिकारक खुंटावर खाण्यास उत्तम अशा जातीचे कलम शेतात करता आले, तर त्याचा मोठा लाभ केळी उत्पादकांना होऊ शकेल. तसेच ऊस व ज्वारी यांच्यासारखी शिरांची दाटी भाताच्या पानात आणता येईल काय, यावरही संशोधन चालू आहे. या दोन्ही प्रयत्नांचा पाया, कोशिका वाहक केव्हा व कोणत्या संदेशामुळे बनते, हे जाणण्यात आहे.